त्याच वर्षांतले वाशीम

‘डान्सेस विथ वुल्व्हज’ हा चित्रपट सुरू होतो तो १८६३ साली, टेनेसीतल्या एका माळावर. उत्तरेची फौज एका बाजूला, दक्षिणेची दुसऱ्या बाजूला. पाय कापला जाणार या भीतीने जखमी लेफ्टनंट डनबार शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठतो, घोड्यावर बसतो आणि मरण यावे म्हणून शत्रूच्या बंदुकांसमोरून दौडत जातो. मरण येत नाही. बक्षीस म्हणून तो पश्चिमेच्या सरहद्दीवर नेमणूक मागून घेतो. ती सरहद्द संपण्याआधी त्याला एकदा पाहायची असते. केव्हिन कॉस्टनरचा हा चित्रपट १९९० साली आला आणि त्याला सात ऑस्कर मिळाली. गेल्या तीन-साडेतीन दशकांतले मला आवडलेले वेस्टर्न मोजायला बसलो की सुरुवात याच्यापासून होते. आणि दर वेळी मन टेनेसीतून निघून वऱ्हाडात येते, कारण १८६३ साली त्या माळावर जी लढाई चालली होती तिचा पैसा इथल्या काळ्या मातीत उतरत होता.

यात अतिशयोक्ती नाही. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि त्याच महिन्यात लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा वाटा त्या बंदरांतून येत असे. तो थांबला आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली, मुंबईची नजर वऱ्हाडाकडे. लिव्हरपूलच्या बाजारात भाव तिप्पट-चौपट झाला. आपल्या कापसाचा धागा आखूड, त्यात कचरा फार. तिकडच्या विणकरांना तो आवडत नसे. देवाने कापूस पाठवावा पण सुरतेचा नको, अशी प्रार्थना लँकेशायरमध्ये होत असल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पण नाक मुरडून का होईना, त्यांनी तो घेतला. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, ही त्या दिवसांची गोष्ट पुढे कितीतरी पुस्तकांत शिरली. तिच्यात खरे किती आणि रंगवलेले किती हा भाग निराळा, पण अशी गोष्ट जन्माला यायलाही गावात तेवढा पैसा खुळखुळावा लागतो.

हे वऱ्हाड इंग्रजांच्या हाती येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनीकडे सोपवला, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. आजचा वाशीम जिल्हा या मुलखाच्या दक्षिण कडेला होता. पलीकडे हिंगोलीला त्याच कंटिंजंटची छावणी होती आणि मध्ये निजामाची हद्द. हद्दीवरच्या प्रदेशात जे घडते ते इथेही घडत होते. १८५९ साली लुटालूट करणाऱ्या रोहिल्यांच्या टोळीचा पाठलाग करत ब्रिगेडियर हिलची फौज आली आणि रिसोडजवळच्या चिचांबा गावात रोहिल्यांनी तटाआडून तिला तोंड दिले. वेस्टर्नच्या प्रेक्षकाला हा प्रसंग सांगावा लागत नाही, त्याने तो वेगवेगळ्या नावांनी पाहिलेला असतो: धुळीचे गाव, भिंतीआड अडकलेली टोळी, बाहेर सरकारी बंदुका.

आपल्याकडे वेस्टर्न आला तो मुख्यतः असाच, घोडा, बंदूक आणि खडकाळ टेकड्या घेऊन. ‘मॅकेनाज गोल्ड’ १९६९ साली अमेरिकेत पडला आणि भारतात तुफान चालला. ‘शोले’ने १९७५ मध्ये तो सगळा ऐवज आपला करून टाकला. आगगाडीवरच्या त्या पहिल्या हल्ल्याचे श्रेय देताना संकलक माधव शिंदे यांचे नाव घ्यायलाच हवे. ‘शोले’ला मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक त्यांचे. पण जुन्या वेस्टर्नमध्ये आगगाडी येते ती लुटण्यासाठी. ती रूळ टाकून तिथवर कोणी आणली, कोणत्या मालासाठी आणली आणि तिच्या आधी त्या वाटेवरून कोण जात होते, हे प्रश्न जुन्या चित्रपटांना क्वचित पडले. सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ला (१९६८) ते पडले होते. १९९० नंतरच्या चांगल्या वेस्टर्नना तर ते पुन्हा पुन्हा पडत राहिले, आणि म्हणूनच ते मला वाशीमच्या जवळचे वाटतात.

‘जँगो अनचेन्ड’ (२०१२) घ्या. टॅरंटिनोचे रक्तपात सगळ्यांनाच मानवत नाहीत, मलाही सगळे मानवत नाहीत. पण त्यात एक क्षण आहे: गुलामांना चाबकाने झोडपणारा मुकादम घोड्यावरून पळत असतो, जँगोचा साथीदार डॉ. शुल्ट्झ याची गोळी त्याला लागते आणि पांढऱ्या बोंडांवर रक्ताचे शिंतोडे उडतात. काळ १८५८ चा. कपाशीच्या वेचणीला गेलेल्या आपल्याकडच्या कुणाही बाईला ते झाड, ते बोंड आणि बोटांना होणाऱ्या जखमा ओळखू येतील. तिकडे ही वेचणी गुलामांकडून करून घेतली जात होती, म्हणून तो कापूस स्वस्त होता. तो स्वस्त होता तोवर वऱ्हाडच्या कापसाला कोणी विचारत नव्हते. गुलामीच्या प्रश्नावर लढाई पेटली तेव्हा आपला भाव चढला. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली आणि तो कोसळला. मुंबईत त्या वर्षी कापसाच्या पैशावर सट्टा खेळणाऱ्या कंपन्या आणि बँका पत्त्यांसारख्या पडल्या. ज्यांच्या नावाने तो सगळा सट्टा ओळखला जातो त्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून पुढे उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही फोर्टात आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मागे मात्र टॉवर राहिला नाही, कर्ज राहिले.

ते कसे राहिले हे नीट समजून घेतले पाहिजे. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई पद्धतीची जमीन मोजणी सुरू झाली. शेताला क्रमांक मिळाला, खातेदाराचे नाव लागले, सारा तीस वर्षांसाठी ठरला. जमीन विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली. भाव चढलेले असताना सावकाराने सढळ हाताने पैसे दिले, कारण आता तारण ठेवायला जमीन होती. भाव पडल्यावर हिशेब उलटा झाला. पूर्वी सावकाराला पिकात रस असे. आता त्याला सात-बाराच्या पूर्वजात, त्या नव्या कागदात, रस उत्पन्न झाला.

‘३:१० टू युमा’च्या २००७ सालच्या आवृत्तीत नेमकी हीच गोष्ट आहे. डॅन इव्हान्स यादवी युद्धात एक पाय गमावून आलेला. ॲरिझोनात लहानसे कुरण, पाऊस नाही, जनावरे मरायला टेकलेली, डोक्यावर कर्ज. सावकार हॉलंडर त्याचे पाणी अडवतो, त्याचा गोठा जाळायला माणसे पाठवतो. रेल्वे येणार असल्यामुळे डॅनपेक्षा डॅनची रिकामी जमीन त्याला जास्त मोलाची झालेली असते. दोनशे डॉलरसाठी डॅन एका दरोडेखोराला तुरुंगाच्या गाडीपर्यंत पोचवायला तयार होतो. क्रिश्चन बेल आणि रसेल क्रो या दोघांचे काम अप्रतिम आहे, पण माझ्या मनात घर करून आहे तो डॅनचा चेहरा, मुलासमोर आपली पत जाताना पाहणारा. तो चेहरा वऱ्हाडात शोधायला १८६५ पर्यंत मागे जावे लागत नाही.

वऱ्हाडात रेल्वे आली ती पूर्णेच्या खोऱ्यातून, म्हणजे पयनघाटातून. जीआयपी रेल्वेचा मार्ग भुसावळहून शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा १८६७ मध्ये नागपूरला पोचला. वाशीम राहिले वर, बालाघाटात. कापसाच्या गाड्यांना मालेगाव, मेडशी करत पातूरचा घाट उतरून अकोल्याला जावे लागे. वाशीमला स्वतःची गाडी मिळायला पुढे जवळपास शंभर वर्षे गेली. पूर्णा-खांडव्याची मीटरगेज जोडली गेली ती स्वातंत्र्यानंतर.

१८७० हे साल तर थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंबहून कापसाच्या बाजारापर्यंत काढलेल्या रेल्वेच्या फाट्याचे उद्घाटन त्याने केले. त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईपासून इंग्लंडपर्यंत जोडली गेली, आणि लिव्हरपूलचा भाव खामगावच्या अडत्याला काही तासांत कळू लागला. त्याच वर्षी आल्फ्रेड लायलने वऱ्हाडचे पहिले गॅझेटियर प्रसिद्ध केले. आणि त्याच १८७० च्या हिवाळ्यात टेक्सासमध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ (२०२०) घडतो: टॉम हँक्सचा कॅप्टन किड गावोगाव फिरून माणशी दहा सेंट घेत लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. हरलेल्या मुलखातले थकलेले लोक कंदिलाच्या उजेडात बसून दूरच्या जगात काय चालले आहे ते ऐकतात. बातमी कुणाच्या हातात असते आणि कुणाला ती शेवटी कळते, हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. खामगावच्या तारेचा फायदा तारघरात माणूस ठेवू शकणाऱ्याला झाला. वाशीमहून चार दिवस गाडी हाकत आलेल्याला बाजारात पोचल्यावर भाव कळे, आणि कापूस परत घेऊन जाणे त्याला परवडणारे नसे.

पण या काळाचा सगळ्यात मोठा आघात झाला तो शेतकऱ्यावर नाही, बंजाऱ्यांवर. वाशीम जिल्ह्याचा इतिहास त्यांना वगळून लिहिताच येत नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे त्यांच्या श्रद्धेचे केंद्र. १७३९ मध्ये जन्मलेल्या सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीला देशभरातून तांडे येतात. रस्ते नव्हते तेव्हा या देशाचा जड माल बैलांच्या पाठीवरून बंजाऱ्यांनी वाहिला. किनाऱ्याकडून मीठ, परतीला धान्य. या व्यापाराला ते लदेणी म्हणत. शहाजहानच्या काळात १६३० च्या सुमारास दख्खनच्या मोहिमेत भंगी आणि जंगी नाईकांच्या तांड्यांत एक लाख ऐंशी हजार बैल होते अशी परंपरा सांगते, आणि त्यांना दिलेल्या ताम्रपटात पाण्याचे आणि छपराच्या गवताचेही हक्क लिहून दिल्याचे म्हटले जाते. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने असई, अडगाव, गाविलगड ही मोहीम जिंकली ती त्यांच्या धान्यावर. फौजा कुणाच्याही असोत, तांडा मधून जाई आणि त्याला कोणी हात लावत नसे.

रेल्वेने हे सगळे एका पिढीत संपवले. आगीनगाडीच्या एका फेरीत जेवढे मीठ येई तेवढे आणायला तांड्याला महिने लागत. बैल विकले गेले. वाटेवरची चराई गेली. राखीव जंगलांच्या सीमा पडल्या आणि शेताच्या मोजणीत माळरान कुणाच्या ना कुणाच्या खात्यात गेले. फिरणाऱ्या माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरवण्याची सोय झाली. वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांनी बंजाऱ्यांवर लिहिलेली टिपणे १८८२ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने निघाली. एखाद्या समाजाची रीत, भाषा, लग्ने यांची पहिली तपशीलवार नोंद पोलिसाच्या हातून व्हावी, यातच त्या काळाची नजर कळते. तो कायदा १९५२ मध्ये गेला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज आजही विमुक्त जातींमध्ये आहे.

याच गोष्टीसाठी मी ‘ओपन रेंज’ (२००३) पुन्हा पुन्हा पाहतो. १८८२ चा काळ. रॉबर्ट ड्युव्हाल आणि केव्हिन कॉस्टनर मोकळ्या रानात गुरे चारत फिरणारे गुराखी. कायद्याने त्यांना तो हक्क अजून आहे, पण गावाचा मालक झालेला जमीनदार आणि त्याच्या खिशातला मार्शल यांना तो मान्य नाही. १८७४ मध्ये पेटंट झालेली काटेरी तार तोवर सगळीकडे पसरू लागलेली. शेवटची चकमक थरारक आहे, पण त्याआधीचे शांत प्रसंग अधिक मोठे: पावसात भिजलेला तंबू, वाट पाहणारी गुरे, आणि आपली जगण्याची रीतच बेकायदा ठरत चालली आहे हे ओळखलेली दोन वयस्क माणसे. मानोऱ्याच्या टेकड्यांत बैल विकून नांगर धरणाऱ्या तांड्याच्या एखाद्या नाईकाची कल्पना मला या चित्रपटाशिवाय इतकी स्पष्ट करता आली नसती. सगळेच नाईक मोडले नाहीत हेही खरे. तेव्हाच्या वाशीम जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली हे गाव बसले, आणि ते वसवणाऱ्या घराण्यातले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

दरोडेखोरांच्या दंतकथाही दोन्हीकडे त्याच वर्षांत घडत होत्या. जेसी जेम्स १८८२ मध्ये मारला गेला. वऱ्हाडच्या उत्तरेला, मेळघाटापलीकडच्या निमाडात तंट्या भिल्ल सावकारांना लुटत फिरत होता. १८८९ मध्ये त्याला जबलपूरला फाशी झाली आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले. क्लिंट ईस्टवुडच्या ‘अनफरगिव्हन’मध्ये (१९९२) अशा दंतकथा कशा तयार होतात हेच उघडे पाडले आहे. त्यात एक लेखक बंदूकबाजांच्या मागे हिंडून पुस्तके रचतो, आणि त्याचा पहिला नायक इंग्लिश बॉब रेल्वेसाठी चिनी मजुरांना गोळ्या घालण्याचे काम करत असतो. एवढेच एक वाक्य येऊन जाते, पण सगळ्या रेल्वेचा इतिहास त्यात येतो. गेल्या चाळीस वर्षांतला सर्वश्रेष्ठ वेस्टर्न मी यालाच म्हणेन, कारण त्यात मारणाऱ्याचा हात थरथरतो आणि मरणाऱ्याला तहान लागते.

शतक संपताना दुष्काळ आला, १८९६-९७ चा आणि त्याहून भयंकर १८९९-१९०० चा. रेल्वे होती, धान्य येत होते, पण मजुरी बुडालेल्या माणसाकडे ते घ्यायला पैसा नव्हता. ज्वारीच्या जागी कपाशी गेलेली. १८९१ आणि १९०१ च्या शिरगणतींमध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे एकोणतीस लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली. १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड निजामाकडून वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतले, आणि १९०५ मध्ये वाशीम जिल्हाच मोडला: वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला, पुसद यवतमाळला. तो पुन्हा उभा राहिला १ जुलै १९९८ रोजी.

कारंजाला रेल्वे मिळाली ती नॅरोगेज, मूर्तिजापूर-यवतमाळ. लोक तिला शकुंतला म्हणतात. किलिक निक्सनच्या कंपनीने ती कापसासाठी बांधली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत धावले. म्हणजे ‘डान्सेस विथ वुल्व्हज’ आणि ‘अनफरगिव्हन’ जगभरच्या पडद्यांवर होते तेव्हा त्याच युगाचे इंजिन कारंजाच्या फलाटावर खरोखर पाणी भरत उभे असे. चित्रपटासाठी हॉलिवूडला जशी गाडी संग्रहालयातून काढावी लागे, ती इथे बाजारहाटाची गाडी होती. या मार्गाची स्टेशने, सिग्नलचे खांब, कापसाच्या जिनांच्या विटांच्या चिमण्या यांची कोणी वेळेवर जपणूक केली नाही याचे मला फार वाईट वाटते.

कर्जाची गोष्ट मात्र इतिहासात जमा झाली नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा यांच्याबरोबर वाशीमही त्यात होते. दहा वर्षांनी ‘हेल ऑर हाय वॉटर’ आला. घोडे नाहीत, जुनाट मोटारी आहेत, पण वेस्टर्न अस्सल. आईने गहाण ठेवलेले कुरण सोडवण्यासाठी दोन भाऊ त्याच बँकेच्या शाखा लुटतात आणि तिचेच पैसे तिला भरतात. त्यांच्या मागावरचा रेंजर पार्कर हा अर्धा कोमान्ची. एका ओस पडलेल्या रस्त्यावर बसून तो सांगतो की ही जमीन माझ्या पूर्वजांची होती, ती या लोकांच्या आजोबांनी हिसकावली, आणि आता बँक ती यांच्याकडून हिसकावते आहे. लेखक टेलर शेरिडनने दीडशे वर्षे त्या चार वाक्यांत बसवली आहेत. वाशीममध्ये आज कपाशीपेक्षा सोयाबीन आणि तूर जास्त दिसते, पण आधी तांड्याची वाट गेली, मग कुणब्याचे शेत गहाण पडले, हा क्रम इथेही तोच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे, नंगारा भवनाचे, उद्घाटन झाले. समाजाने आपली गोष्ट स्वतः सांगायला सुरुवात केली याचा आनंद आहे. आता तिचा चित्रपट व्हावा. त्याची सुरुवात १८७० सालच्या खामगावात करावी: मेयोसाठी उभारलेली कमान, तारघराबाहेर ताटकळलेले अडते, पातूरचा घाट उतरून आलेल्या कापसाच्या गाड्या, आणि या गर्दीत मिठाच्या गोण्यांना गिऱ्हाईक शोधत उभा असलेला एक नाईक. त्याच्याकडे दोनशे बैल आहेत आणि पावसाळा तोंडावर आला आहे. भाषा बंजाऱ्यांची गोरबोली आणि वऱ्हाडी ठेवावी, आणि दिग्दर्शन तांड्यातल्याच कुणा तरुणाने किंवा तरुणीने करावे.